भुवयांबाबतचा खुलासा

तोफसाहेबांनी भुवया काळ्या करायचं ठरवलं, त्याला तसंच कारण होतं. डोक्यावरचे केस पांढरे झाले तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. पण भुवया पांढऱ्या झाल्यापासून त्यांचा राग दिसेनासा झाला होता. एकतीस वर्षं ज्या बातमीदाराने नुसती भुवई उचलली तरी भलेभले अधिकारी पाणी मागत, तो आता पत्रकार परिषदेत कितीही भडकला तरी समोरून उत्तर येई, "काका, बसा ना निवांत." (बातमीदाराला काका म्हणणं हा त्यांच्या मते वृत्तपत्रस्वातंत्र्यावरचा उघड हल्ला होता.)

त्यात संपादकांचं फर्मान आलं : 'उघड्या डोळ्यांनी' या त्यांच्या सदरावरचा फोटो फार जुना झालाय, गुरुवारी अकराला नवा काढू.

मंगळवारी संध्याकाळी बायको भाजी आणायला बाहेर पडताच साहेबांनी बाथरूमची कडी लावली आणि डायचं पाकीट फोडलं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'नैसर्गिक' लिहिलं होतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांतही बरंच काही होतं. पण ते वाचायला चष्मा लागला असता, आणि चष्मा घालून भुवया रंगवता येत नाहीत.

बुधवार भुवया खाजवण्यात गेला. गुरुवारी सकाळी त्यांनी आरशात पाहिलं, म्हणजे पाहण्याचा प्रयत्न केला. डोळ्यांच्या जागी दोन उशा होत्या आणि प्रत्येक उशीला एक बारीक चीर.

"अहो, पालथे झोपला असाल," बायको म्हणाली.

"बाबा, रात्री अख्खी पुडी खारे दाणे संपवलेत तुम्ही," मुलगी म्हणाली. "मिठाने सूज येते. नाहीतर मोबाइल. नाहीतर ॲलर्जी."

"दादाचंही असंच सुरू झालं होतं," साहेब हळूच म्हणाले.

त्यांच्या थोरल्या भावाचे डोळे असेच सकाळी सुजत. घरच्यांनी ते जागरणावर ढकललं, आणि मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं तेव्हा उशीर झाला होता. बायकोने गॅस बंद केला आणि पर्स उचलली.

दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात तोफसाहेबांनी आयुष्याचा ताळेबंद मांडला. एकूण तिघांना माफ करायचं राहिलं होतं. दोघांचे नंबर नव्हते, म्हणून मेहुण्याला फोन लावला. "अकरा वर्षांपूर्वी तू मला आगलावा म्हणालास ना, ते मी विसरलो. सुखी राहा." पलीकडे मेहुणा इतका घाबरला, की त्याने लगेच साहेबांच्या शेजारीच बसलेल्या आपल्या ताईला फोन करून विचारलं, "भावोजी शुद्धीवर आहेत ना?"

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतला, पायांवर बोट दाबून पाहिलं, लघवी तपासायला पाठवली.

"डोळ्यांभोवती सूज बऱ्याच कारणांनी येते," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंड, थायरॉइड, सर्दी, ॲलर्जी. चेहऱ्याला नवीन काही लावलंत का? क्रीम? साबण?"

"या विषयावर आत्ताच काही बोलणं योग्य होणार नाही."

"म्हणजे?"

"माहिती घेऊन सांगतो."

बोलता बोलता साहेबांनाच दचकायला झालं. ही वाक्यं त्यांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली होती आणि दरवेळी रागाने वहीची पानं फाडली होती.

"भुवया छान काळ्या आहेत हो तुमच्या," बाई म्हणाल्या. "केस मात्र पांढरे."

"आमच्या घराण्यातच तसं आहे."

"रंग लावता?"

"या आरोपात तथ्य नाही."

तेव्हा बायकोने शांतपणे पर्स उघडली आणि चुरगळलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. "मंगळवारी कचऱ्याच्या डब्यात सापडलं. म्हटलं, फोटो होईपर्यंत मजा घेऊ दे माणसाला."

"आणि सकाळी पालथं झोपण्याचं काय काढलंस?" साहेब भडकले.

"मुलीसमोर तुमची लाज राखली. पण दादांचं नाव काढलंत, मग मलाही धीर धरवेना."

बाईंनी बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. "लावण्याआधी थोडं हातावर लावून दोन दिवस वाट पाहा. भुवया व पापण्यांसाठी वापरू नये." मग वर बघून म्हणाल्या, "मागच्या महिन्यात 'लोक छापलेलं वाचतच नाहीत' म्हणून तुम्ही अख्खं सदर खरडलं होतंत. मी वाचलं होतं."

तेवढ्यात लघवीचा रिपोर्ट आला. स्वच्छ. रक्तदाबही ठीक. "मूत्रपिंडांची काळजी नको. ही डायची ॲलर्जी आहे. औषध देते, डाय पुन्हा लावू नका. श्वास लागला किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र तडक निघून या."

तोफसाहेबांनी इतका लांब श्वास सोडला की टेबलावरची चिठ्ठी उडाली. बायकोने पदराने डोळे टिपले आणि ती म्हणाली, "आता माझेही सुजणार." बाहेर आल्याबरोबर साहेबांनी मेहुण्याला फोन केला. "मघाच्या माफीबाबत खुलासा. ती नजरचुकीने दिली गेली. मागे घेतो."

"भावोजी, बरे झालात!" मेहुणा आनंदाने ओरडला.

आता जिवावरचं टळल्यावर फोटो कशाला टाळायचा? औषध घेऊन साहेब थेट ऑफिसात जाऊन फोटोग्राफरसमोर बसले.

"साहेब, डोळे उघडा."

"उघडेच आहेत!"

"बरं. मग जरा रागावून बघा."

"रागावलोच आहे!"

रविवारी फोटो छापून आला : दोन ठसठशीत काळ्या भुवया, त्यांखाली दोन चिरा आणि वर मथळा 'उघड्या डोळ्यांनी'. मंगळवारी एका जुन्या वाचकाचं पत्र आलं. बायकोने ते दोनदा वाचून दाखवलं.

"नवा फोटो सदराच्या नावाशी जुळत नाही. मजकुराशी मात्र पहिल्यांदाच तंतोतंत जुळतो."