रांगेत न उभे राहणारे दाजी

शुद्धलेखनाच्या चुका असतील आणि अक्षरही वळणदार नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीत सुटली. त्यानंतर हातात पेन आलं ते किराणा लिहून द्यायलाच. पण आमच्या दाजींबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहतात नांदेडला. हा माणूस जन्मात कधी रांगेत उभा राहिलेला नाही. रांग दिसली की दाजी एका पायातली चप्पल काढून शेवटच्या माणसामागे ठेवणार आणि दुसऱ्या पायातल्या चपलेवर लंगडत जवळच्या ओट्यावर जाऊन बसणार. "माणसानं बसावं, नंबरानं उभं ऱ्हावं," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. गंमत म्हणजे दाजी शाळेत मास्तर होते. सगळी नोकरी पोरांना रांगेत उभं करण्यात गेली.

चपलेऐवजी कधी टोपी असते, कधी छत्री. औशाला एका लग्नात जेवणाची रांग लागली होती. दाजींनी टेबलाच्या कडेला टोपी ठेवली आणि मांडवात जाऊन गप्पा मारत बसले. वाढणाऱ्याने गर्दीत पाहिलं नाही. टोपीत मसालेभात वाढला. दाजी रागावले नाहीत. नंबर बरोबर लागला, एवढंच म्हणाले. लातूरला डोळ्यांच्या दवाखान्यात खुर्चीवर छत्री ठेवून चहाला गेले, तर येईपर्यंत छत्रीही गेली आणि नंबरही. "डोळे तपासून घरी गेली असंल," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी अक्काची छत्री घेऊन परत गेले.

दाजींना वाटायचं की चप्पल आपोआप पुढे सरकते. खरं असं होतं की अक्का भाजीची पिशवी घेऊन मागून यायची, इकडे तिकडे बघायची आणि पायाने हळूच चप्पल ढकलायची. मी एकदा पाहिलं तर मला चिमटा काढून म्हणाली, "बोलू नकोस बाई. त्येन्ला लई अभिमान हाय त्या चपलीचा."

अक्का गेली त्याला आता दोन वर्षं झाली. त्यानंतर दाजी रांगेच्या कामाला फारसे जाईनातच.

मग अक्काच्या लेकीला, सुषमाला, बंगळूरला मुलगी झाली. बारशाला आईच्या जागी मी यावं असं तिने फार आग्रहाने सांगितलं. नायगावच्या पुढे एकटी कधी न गेलेली मी, दाजींबरोबर हैदराबादला जाऊन तिथून विमानात बसणार होते. जावयाने तिकिटं पाठवली. शेजारच्या एका माणसाने दाजींना सांगून ठेवलं की विमानतळावर तीन तीन रांगा असतात, पट्टा काढायला लावतात, खिसे उलटे करतात.

दाजींचं डोकंच फिरलं. इमानात बसायचं का जेलात जायचं, असं दिसेल त्याला विचारू लागले. तरी तयारी केली. पँट सोडून नाड्याचा पायजमा घातला. "नाड्याला घंटी वाजत न्हाई," म्हणाले. कंबरेचा चांदीचा करगोटासुद्धा काढून कपाटात ठेवला. हातात मात्र एक जाड कापडी पिशवी होती, आणि ती ते मला धरू देत नव्हते. रेल्वेत सुद्धा मांडीवर घेऊन बसले.

विमानतळाच्या दारातच पहिली रांग. दाजींची चप्पल निघाली होती, पण मी इतकी गयावया केली की ते उभे राहिले. दारावरचा माणूस त्यांचं आधार कार्ड बघे, मग त्यांच्याकडे बघे, परत कार्ड बघे. दाजी फोटोतल्यासारखं तोंड करून उभे. नंतर सामान द्यायची रांग. तिथे माझी बॅग सरकत्या पट्ट्यावर धपकन पडली ते बघून दाजींनी आपली पिशवी छातीशी धरली आणि ती जवळच ठेवणार म्हणाले.

तिसरी रांग तपासणीची. पट्टे बांधून तिला इतके वळसे दिले होते की खूप चाललं तरी माणूस होता तिथेच दिसत होता. दाजींचा धीर सुटला. त्यांनी पिशवी रांगेत खाली ठेवली आणि पट्ट्याखालून वाकून बाहेर निघाले. मी विचारलं, काय करताय? तर म्हणाले, "तू बी चल. पिशवी हाय की उभी. काय करायलीस तिथं?"

मला चारचौघांत वाद घालता येत नाही. मी गेले. आम्ही दोघं लांब खुर्च्यांवर बसलो.

रांग पुढे गेली. पिशवी जागीच. आधी लोकांनी तिला वळसा घातला, मग कुणीतरी वर्दीतल्या माणसाला दाखवलं. तो मोठ्याने काहीतरी विचारू लागला. लोक मागे सरले. आणखी मागे सरले. पिशवीभोवती मोठं मोकळं रिंगण झालं.

दाजी खुशीत आले. "बघ शांता, शहरातली माणसं. आपल्या पिशवीला किती जागा सोडली."

तेवढ्यात दुसरे दोन वर्दीवाले धावत आले. मी आयुष्यात कधी मोठ्याने बोलले नाही. नवऱ्याला हाक मारायची तरी जवळ जाऊन मारते. पण त्या दिवशी चप्पल हातात घेऊन पळाले आणि सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल अशी ओरडले, "ती आमची हाय, आमची हाय!"

तिथून पुढे आमची रवानगी थेट मशीनपाशी झाली. पिशवी आत गेली आणि पट्टा थांबला. पडद्यासमोर बसलेल्या माणसाने मान वाकडी करून पाहिलं, दुसऱ्याला बोलावलं. वर्दीतल्या एका बाईने पिशवी उघडली. आत रेशमी कुंची, तिच्यावर टोपडं, टोपड्याखाली काजळाची तीट लावलेला काळा दगड.

तो वरवंटा होता. आमच्याकडे बारशाला वरवंट्याला कुंची-टोपडं घालून बाळ करतात आणि पाळण्याच्या खालून वरून फिरवतात, मगच खरं बाळ पाळण्यात. आता सुषमाच्या घरात मिक्सर आहे, वरवंटा कुठला? दाजी घरचा सजवून घेऊन निघाले होते.

बाईने हिंदीत विचारलं, हे काय आहे. दाजी म्हणाले, "बच्चा है." मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, कुणीतरी विमान सुटेल म्हणून करवादलं. बाई भली होती. तिने समजावून सांगितलं की एवढा जड दगड माणसांबरोबर आत नेता येत नाही. परत जाऊन सामानात द्या, नाहीतर इथेच सोडा. दाजी सामानात द्यायला तयार होईनात. बाळ म्हणून सजवलेला वरवंटा त्या पट्ट्यावर धपकन टाकतील, हे त्यांना सोसत नव्हतं. आणि परत जायचं म्हणजे आधी सामानाची रांग, मग पुन्हा ही रांग. तोवर विमान निघून जायचं.

मी हळूच म्हटलं, दाजी, ऱ्हाऊ द्या. तिकडं एखादा मिळंल. न्हाईतर नारळाला टोपडं घालू, कितीक लोक घालतात.

दाजींनी कुंची थोडी सरकवली आणि वरवंट्याचं टोक माझ्यापुढे धरलं. मधला दगड खरबरीत टाकी लावलेला, पण दोन्ही टोकं धरून धरून काचेसारखी गुळगुळीत झालेली.

"हितं तुझ्या अक्काचे तळवे हायत," ते म्हणाले. "नारळाला कुठून आणू?"

मग त्यांनी वरवंटा नीट गुंडाळला, चप्पल दोन्ही पायांत घातली आणि परत फिरले. सामानाच्या रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, मी थांबते, तुम्ही बसा. ऐकलं नाही. मांडीएवढा दगड दोन्ही हातांवर झोपवून एक एक पाऊल पुढे सरकत होते. पुढच्या एका तेलंगी बाईला वाटलं खरंच तान्हं आहे. तिने कुंचीत डोकावून पाहिलं, चकित झाली, आणि सगळं ऐकून घेतल्यावर आम्हाला आपल्या पुढे घेतलं. तिच्या पुढच्यांनीही घेतलं. काउंटरवरच्या मुलीने वरवंटा खोक्यात ठेवला, बाजूने कागद कोंबला आणि वर काचेच्या पेल्याचं चित्र चिकटवलं. म्हणजे नाजूक वस्तू, सांभाळून उचला. ते ऐकून दाजींचं समाधान झालं.

तपासणीच्या रांगेतही ते उभेच राहिले. जवानाने त्यांना चाचपलं, तेव्हा हात पसरून शहाण्या पोरासारखे गप्प होते. विमानाचं दार लावायच्या आधी आम्ही कसेबसे पोचलो. वर गेल्यावर मात्र पायलट तरी रांगेत उभा राहतो का, हे त्यांनी हवाईसुंदरीला विचारून घेतलं.

बारसं छान झालं. वरवंटा पाळण्याखालून मी दिला आणि वरून सुषमाने घेतला. टोकं धरल्यावर ती जरा थांबली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने तो आणखी थोडा वेळ धरून ठेवला, बायका घाई करू लागल्या तरी.

आठवड्याने आम्ही निघालो. सुषमा बापाला ठेवून घ्यायला बघत होती, दाजी नाही म्हणाले. वरवंटा बांधून देऊ का, असं तिने विचारलं, तर म्हणाले, तुझ्याकडं ऱ्हाऊ दे, पोरीला खेळायला होईल. एवढ्या मोठ्या दगडाने कोण खेळतं, पण सुषमाने तो उचलून पाळण्याशी ठेवला.

परतीला पिशवी रिकामी होती. तिची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. रेल्वेत बसल्यावर मी विचारलं, "दाजी, घरी पाटा एकटाच ऱ्हाईल की. तो बी द्यायचा होता सुषमाला."

दाजी खिडकीबाहेर बघत होते.

"तो जड हाय," ते म्हणाले. "त्याला कोण उचलतंय, अन् मला बी कोण उचलतंय. दोघं ऱ्हातो की घरी."