मुरमाची अडचण

सोमवारी सकाळी शिवकांतच्या नाकाच्या अगदी शेंड्यावर एक मुरूम उगवला, आणि गुरुवारी तो मुलगी बघायला जाणार होता. उगवायला बाकीचं सगळं अंग मोकळं होतं. पाठ होती, मान होती. पण नाही, मेल्याला नाकच सापडलं!

शिवकांतचं पाथरीत बी-बियाण्यांचं दुकान. वय एकतीस. आतापर्यंत अकरा मुलींनी त्याला नकार दिला होता. कुणाला पुण्यातला हवा होता, कुणाला नोकरीवाला, एकीला तर नुसताच दुसरा कुणीतरी हवा होता. बारावी महेश्वरी, चारठाण्याकडच्या एका वाडीच्या सरपंचांची, मन्मथअप्पांची लेक. तिनं याचा फोटो बघून 'येऊ द्या' म्हटलं होतं. तिचा फोटो शिवकांतनं दिवसातून किती वेळा बघितला ते त्याच्या मोबाइललाच ठाऊक. आवडली होती हो त्याला, मनापासून.

"उष्णता हाय ही," आई महानंदाबाईंनी नाक बघताच निकाल दिला. "शेंगदाणे बंद, गूळ बंद, च्या बंद."

"उष्णता कशाची? रक्त खराब झालंय," वडील बसवराजअप्पा म्हणाले. "कडुनिंबाचा रस दे त्याला. दोन पेले."

शेंगदाणे बंद झाले आणि रसही पाजला. संध्याकाळी शेजारच्या कुसुमबाई विरजण मागायला आल्या आणि नाकाला टूथपेस्ट फासून गेल्या. मंगळवारी मित्र बालाजीनं त्यावर लिंबू चोळलं आणि वर ऐकवलं, "तोंड धूत नसशील तू." मग दिवसातून चौदा वेळा साबण. एवढं करूनही मुरूम जागचा हलेना, तेव्हा बुधवारी पहाटे आसपास कुणी नाहीसं बघून शिवकांतनं तो दाबून फोडला. दुपारपर्यंत एकाचे तीन झाले आणि नाक पिकल्या टोमॅटोसारखं दिसू लागलं.

"भिऊ नको बाळा, लग्न झालं की आपोआप जातेत," कुसुमबाईंनी धीर दिला.

"अवो मावशी, हे गेल्याबिगर लग्न कसं व्हायचं?" शिवकांत रडकुंडीला आला होता.

शेवटी बसवराजअप्पांनी मन्मथअप्पांना फोन लावला. आता होणाऱ्या व्याह्याला मुलाच्या नाकाचं कोणत्या तोंडानं सांगणार? अप्पांनी आडवळण घेतलं.

"शरणार्थ, मन्मथअप्पा. उद्याचं जरा पुढं ढकलावं म्हणतो. मुरमाची अडचण हाय."

तिकडून मन्मथअप्पा पडेल आवाजात म्हणाले, "म्हंजे तुमच्या कानावर बी आला का मुरमाचा विषय?"

"कानावर न्हाई हो अजून! पण उघड दिसायलाय की. आल्या-गेल्याची नजर तिथंच जाती."

"खरंय. मलाच लाज वाटायलीय. तुमी रविवारी या, मुरमाचं मी बघतो."

"तुमी कामून तरास घ्यायलाय?"

"असं कसं? लेकीचा बाप हाय मी. लाल टाकतो आन् चांगला दाबून बसवतो."

"दाबू नका!" बसवराजअप्पा किंचाळले. "दाबल्यानंच तर इतकं वाढलंय!"

फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "माणूस हाय का देव! म्हणला, मुरमाचं मी बघतो."

"लाल औषध असंल एखादं," महानंदाबाई म्हणाल्या.

औषध कुठलं आलंय! मन्मथअप्पांच्या वाडीला जायचा रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात त्यात म्हैस रुतायची. त्याच्यावर मुरूम टाका म्हणून वाडीतल्या बाया सात वर्षं सरपंचांच्या मागं लागल्या होत्या आणि सरपंच सात वर्षं 'होईल, होईल' म्हणत होते. आता मुरमापायी लेकीला बघायला येणारे पाहुणेच अडले म्हटल्यावर ते खडबडून जागे झाले. त्यांनी तीन ट्रॅक्टर लावले. लाल मुरूम पडला, पाणी मारलं, आणि व्याही 'दाबू नका' म्हणाले तरी रोलरही फिरला. न दाबता कधी मुरूम बसतो का?

रविवारी पाहुण्यांची गाडी त्या कोऱ्या रस्त्यावरून थाटात वाडीत शिरली. शिवकांतनं नाकावर रुमाल धरलेला. मन्मथअप्पा हात जोडून सामोरे आले.

"बघा अप्पा, मुरमात काही राह्यलं का?"

बसवराजअप्पांनी चोरून मुलाच्या नाकाकडं बघितलं. "थोडं राह्यलंय. अजून पुरतं बसलं न्हाई."

"एक पावसाळा जाऊ द्या, बसतंय."

"पावसाळा?" शिवकांत ओरडला, आणि रुमाल खाली पडला.

मन्मथअप्पांनी त्याच्या नाकाकडं बघितलं, मग रस्त्याकडं, मग परत नाकाकडं. "म्हंजे... मुरूम... ह्यो?"

"ह्योच की! मग तुमी कोणता समजलात?"

उत्तर साऱ्यांच्या पायाखालीच पसरलं होतं. मन्मथअप्पांचा चेहरा मुरमाहून लाल झाला. गेली, बारावीपण गेली, असं शिवकांतला वाटलं आणि त्याला रस्त्यातच बसावंसं वाटलं. तेवढ्यात दारातून कुणीतरी फिस्सकन हसलं. महेश्वरी होती. हातात लाडवांचं ताट होतं आणि हसू काही आवरत नव्हतं.

सगळे आत येऊन बसल्यावर तिनं सरळ शिवकांतलाच विचारलं, "काय काय लावलं ह्याच्यावर?"

"टूथपेस्ट. लिंबू. चौदा वेळा साबण. आन् कडुनिंब पिला."

"फोडला बी?"

"...व्हय."

"म्हंजे मुरूम एवढासाच होता, बाकी सगळी घरच्याइची मेहनत हाय," ती म्हणाली. "मला बी कॉलेजात लय आलते. आईनं हळदीनं पिवळी केलती मला. शेवटी परभणीला स्किनच्या डॉक्टरला दाखवलं. त्याइनं मलम दिलं, म्हणले दोन-तीन महिने धीर धरा आन् हात लावू नका. गेले."

"आन् उष्णता?" महानंदाबाई सहजासहजी हार मानणाऱ्या नव्हत्या.

"डॉक्टर म्हणले, शेंगदाण्याचा बिचाऱ्याचा काही गुन्हा न्हाई." आणि तिनं ताट शिवकांतपुढं सरकवलं. शेंगदाण्याचे लाडू होते. सहा दिवसांचा उपाशी, त्यानं दोन्ही हातांनी दोन उचलले. तिच्याकडं बघायचं राहूनच गेलं, पण तिनं मात्र त्याला पोटभर बघून घेतलं.

मन्मथअप्पा अजून घुश्शातच होते. "तुझं काय म्हणणं हाय, पोरी?"

"अप्पा, वाडीतल्या बाया सात वर्षं ओरडायल्यात, तुमी हलला न्हाईत. ह्यांच्या एका मुरमानं तीन दिवसांत रस्ता झाला. असा माणूस हातचा जाऊ द्यायचा व्हय?"

वैशाखात लग्न झालं. दिवाळीला जावई सासुरवाडीला आला तेव्हा रस्ता एक पावसाळा खाऊन छान बसला होता, आणि मलमानं नाकही लख्ख झालं होतं. वाडीच्या तोंडाशीच म्हाताऱ्या सुमनबाईंनी त्याला थांबवलं. हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि नाक अगदी जवळून न्याहाळलं.

"गेला का रे मुरूम?"

"गेला की, मावशी. पार गेला."

"अरेरे!" सुमनबाई मनापासून हळहळल्या. "शाळेकडचा रस्ता राह्यला होता, बाबा."