हात वर करा!

मारुतीअप्पांच्या घरी भाजी कोणती करायची हेसुद्धा मतदानाने ठरायचं. घरात नवरा-बायको दोघंच, त्यामुळे मतं बरोबरीत अडकायची. मग भिंतीपलीकडून मला हाक यायची, "ओ मास्तर, काय करायलाव? या, मत अडकलंय!" मी नेहमी वहिनींच्या बाजूने हात वर करायचो. अहो, वांगी त्या करायच्या ना!

अप्पा परभणीच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, हमालांच्या युनियनचे अध्यक्ष. निजाम गेला आणि पोती वाहणाऱ्या या माणसाने सगळा मोंढा एक केला. जादा वजनाचं पोतं पाठीवर घ्यायचं नाही म्हणजे नाही! आडत्यांना शेवटी ऐकावं लागलं. पण कुठलाही ठराव असो, अप्पांना गलका खपायचा नाही. "ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं, असं आपल्यात चालायचं न्हाई. हात दाखवा!" झरी गावच्या एका गड्याने एकदा जोशात दोन्ही हात वर केले, तर अप्पांनी त्याचं मतच बाद केलं. पुतणीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी ते उठले, "नवरदेव पसंत हाय का? हात वर करा!" लग्न लावणाऱ्या स्वामींनीही घाबरून हात वर केला.

पुढे पहिलं इलेक्शन आलं. अप्पांना हैदराबादच्या असेंब्लीत धाडायचं म्हणून सगळे हमाल त्यांच्या अंगणात जमले. धडाधड हात वर झाले. अप्पा मात्र दाराकडे बघत होते.

"अप्पा, बहुमत झालं की!"

"थांबा. हिचं मत ऱ्हायलंय."

वहिनी दारात उभ्या होत्या. सांगायचं राहिलंच, वहिनी जन्माच्या मुक्या. त्यांनी पिठाचा हात पदराला पुसला आणि ठामपणे वर केला.

अप्पा तो हात बघून माझ्याकडे वळले. "लगीन झालं तवा घरात समदे बोलायचे. हिला कुनी इचारायचंच न्हाई. तवापासून म्या हात वर करायला लावायलोय. आता मी तिकडं जाऊन बसलो, तर हिचा हात कोन बघंल, मास्तर?"

आणि मी इतकी वर्षं वांग्यांसाठी हात वर करत होतो!

कुणी ठराव मांडला नव्हता, तरी "आम्ही बघू की!" म्हणत अंगणातले हात पुन्हा वर झाले. बऱ्याच जणांनी दोन्ही केले. मीही केले. अप्पांनी त्या दिवशी एकही मत बाद केलं नाही.