मंडळाचा पहिला मासा

या, पुढं सरकून बसा. मागं चपलांजवळ बसलं की कीर्तनही अर्धं ऐकू येतं आणि गोष्टही. एका माउलीची आणि एका माशाची कथा सांगतो. तुमच्या चुलीवरचं दूध उतू जायच्या आत संपवतो.

समुद्राचं खरं शास्त्र समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनाच कळतं. किनाऱ्यावरची माणसं मासे धरण्यात गुंतलेली. त्यांना अभ्यासाला वेळ कुठला? म्हणूनच, जिथून घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही, त्या सीमाभागातल्या आमच्या पिरनवाडीत 'खारे पाणी मऊ आमिष अभ्यास मंडळ' स्थापन झालं. अध्यक्ष नागेंद्र अण्णा, पतसंस्थेचे वसुली अधिकारी. (समोरचा आपणहून वर येईपर्यंत थांबायची सवय जुनीच.)

पद्धत अशी. रबराचा मऊ छोटा मासा, पोटात गळ, डोक्यात शिसं. तो लांब फेकावा आणि बुडू द्यावा. ओढायची घाई करू नये; खालचा मासा आमिष धरतो तो ते बुडतानाच. दोर जरा चाळवला की काठी उचलावी, नाहीतर पुन्हा बुडू द्यावं. कीर्तनात बुवा ऐन ओळीवर थांबतात आणि सभा आपोआप पुढं झुकते, तसंच हे. मी तसं बोललो, तर अण्णांनी ते ठरावातच घेतलं.

सराव अण्णांच्या गच्चीवरच्या टाकीत चाले. पाणी खारं असणं नियमानुसार आवश्यक, म्हणून तीत मिठाची पोती रिकामी करण्यात आली. टाकी घरचीच. (तेव्हापासून त्यांच्या आमटीत वेगळं मीठ लागत नाही.) नव्वद टक्के सदस्यांना आमिष बुडवणं उत्तम जमलं. उरलेल्यांचे चष्मे बुडाले.

अण्णांच्या आई जयाबाई, माहेर वेंगुर्ल्याकडचं. मासा एवढीच काय ती आवड. पण घरात सोमवार शंकराचा, मंगळवार यल्लम्माचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा, रविवार जोतिबाचा. उरला बुधवार. पूर्वी बुधवारी खासबागेच्या बाजारातनं बांगडे यायचे. मंडळ निघालं आणि अध्यक्षांच्या घरी विकतचा मासा शिजणं तत्त्वात बसेना. त्याला तीन वर्षं झाली.

म्हातारी विचारायची, "नागू, कधी रं?"

अण्णा म्हणायचे, "आये, बुडू दे की जरा."

गेल्या महिन्यात एका बुधवारी सगळं मंडळ पोटदुखीची रजा टाकून मालवणाकडं गेलं आणि पहाटे अण्णांच्या आमिषाला खरोखरच मासा लागला. (चूक कुठं झाली, याची चौकशी चालू आहे.) दुपारी मासा गावात आला. जयाबाईंनी मसाला वाटून ठेवला होता, अण्णांच्या सौ. रूपालीवैनींनी तवा तापत टाकला होता.

पण मंडळाचा पहिला मासा थेट तव्यात कसा जाणार? सत्कार ठरला. फलक छापून आला: वर कन्नड मोठं, खाली मराठी लहान, मासा त्याहून लहान. माशाला शाल घातली, अण्णांना नारळ दिला. फोटोत चमकतो म्हणून बर्फ काढून टाकला. प्रमुख पाहुणे संकेश्वरहून निघालेत, असं तीनदा जाहीर झालं; मग ते खरंच निघाले. समुद्राची महती त्यांनी आधी कन्नडमधून सांगितली, नंतर तीच मराठीतून. मी समयोचित अभंग म्हटला. लोकांनी तो पुन्हा म्हणायला लावला.

दिवेलागणीला मासा घरी पोचला. वैनींनी डब्याचं झाकण काढलं, पदर नाकाला लावला आणि तवा उतरवला.

"उद्या गुरुवार," एवढंच बोलल्या.

अण्णा नारळ धरून उभे. जयाबाईंनी डबा जवळ ओढला, डोळे मिटून वास घेतला.

"बंदरावरचाच वास हाय रं, सांजच्याला शिल्लक ऱ्हायल्याल्या माशांचा," त्या म्हणाल्या. "तेवढा तरी आणलास."

मग वाटलेल्या मसाल्याची त्यांनी नुसती आमटी केली आणि सगळ्या मंडळाला वाढली. आम्ही दोन-दोन वाट्या प्यालो. चव लई चांगली होती.

सत्काराचा फोटो तुमच्याही फोनवर आला होता. तुम्ही अंगठा दाखवलात. लांबी किती, वजन किती, काठी कुठली, सगळं विचारलंत. मासा कुणासाठी धरला, हे तेवढं विचारलं न्हाईत.

असो. अण्णांना विसरलात तरी चालेल, त्यांची तसबीर मंडळात लावली आहे. येत्या बुधवारी तुमच्या तव्यावर काही चरचरलं, तर पहिला घास घेताना जयाबाईंची आठवण काढा.