घाबरू नये, हा फक्त

रविवारी सकाळी बरोबर दहा वाजता नोंदणीताईंनी बटण दाबलं आणि गावातले साडेनऊ हजार मोबाइल एकदम वाजले. ताईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि स्वतःच्या मोबाइलवर आलेला संदेश वाचला.

'माननीय मुख्याधिकारी यांच्या आदेशान्वये कळविण्यात येते की, नदीचे पाणी धोक्याच्या पातळीवर आहे. सखल भागातील नागरिकांनी ताबडतोब टेकडीवरील शाळेत जावे. घाबरू नये. हा फक्त'

पुढे काहीच नव्हतं. ताईंनी बोटाने खाली सरकवून पाहिलं, मोबाइल हलवूनही पाहिला. 'सराव आहे' हे दोन शब्द कुठेच सापडेनात.

झालं होतं असं, की संदेश ताईंनी नीट अक्षरं मोजून लिहिला होता. पण शनिवारी संध्याकाळी मुख्याधिकारी साहेबांनी तो मागवून घेतला. "सगळं छान आहे हो, पण आदेश कोणाचा ते कळायला नको?" असं म्हणत सुरुवातीला स्वतःचं पद घातलं. यंत्राला ठरावीक अक्षरांपलीकडचं काही कळत नव्हतं. साहेब पुढून आत आले, तसा सराव मागून बाहेर पडला.

ताई नगरपालिकेत सव्वीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी करत होत्या, म्हणून सारं गाव त्यांना नोंदणीताई म्हणे. पूरनियोजन त्यांच्या गळ्यात पडलं ते साहेबांच्या एका वाक्याने. "गावातलं प्रत्येक माणूस तुमच्या वहीत आहे ना? मग पूरही तुमच्याच टेबलावर." सोबत एका सल्लागाराने केलेला एकशे चाळीस पानांचा आराखडाही आला. त्यात रंगीत नकाशे होते, बाण होते आणि बाणांच्या दिशेने शिस्तीत चालणारी माणसं होती.

ताईंनी मात्र हे काम मनावर घेतलं होतं, त्याला कारण होतं. पूर्वी नदी सांगून यायची. दोन दिवस फुगायची, मग म्हातारी माणसं घाटाच्या पायऱ्या मोजून सांगायची की संध्याकाळपर्यंत सामान वर घ्या. हल्ली तिने सांगणंच सोडलं होतं. दोन वर्षांपूर्वी गावात लख्ख ऊन होतं, पाऊस पडला होता वर डोंगरात, आणि पाऊण तासात बाजारपेठेत कमरेइतकं पाणी. त्या दिवशीच्या दोन नोंदी ताईंनीच केल्या होत्या. मृत्यूचं कारण लिहिताना त्यांचा हात थांबला होता, ते त्यांना अजून आठवत होतं.

त्यामुळे आज आभाळ निरभ्र आहे, याचा कोणालाच दिलासा वाटला नाही. उलट ऊन बघूनच लोकांनी पिशव्या भरायला घेतल्या. सरावाची सूचना आठवडाभर नगरपालिकेच्या फलकावर लावलेली होती, पण तो फलक वाचतो कोण?

दुसरा संदेश पाठवायचा तर साहेबांची परवानगी हवी, आणि साहेबांचा फोन लागेना, कारण सगळं गाव त्यांनाच फोन लावत होतं. शेवटी ताई चपला अडकवून रस्त्यावर आल्या. सलूनच्या दारात न्हावी आणि अर्ध्या गालावर साबण असलेलं एक गिऱ्हाईक वाद घालत उभे होते.

"'हा फक्त' म्हणजे हा फक्त पहिला लोंढा! मोठा मागून येतोय," न्हावी म्हणाला.

"अहो, 'हा फक्त अंदाज आहे' असं असेल."

"मग लिहिताना थांबला कशाला? लिहिणाराच पळाला असणार!"

"सराव आहे हो, सराव!" ताई धावतच ओरडल्या. पण धावणाऱ्या माणसाचं बोलणं कोण ऐकतो? लोकांना दिसले ते फक्त पाय.

"अरे, नोंदणीताई पळतायत! म्हणजे खरंच आलं!" कोणीतरी ओरडलं, आणि जे अजून विचार करत होते तेही निघाले. ताई थांबवायला जितक्या जोरात धावत, तितका रस्ता वेगाने रिकामा होई.

शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. आराखड्याच्या एकसष्टाव्या पानावर 'किल्ली पहारेकऱ्याकडे' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पहारेकरी राहायचा नदीकाठी, आणि संदेश वाचून तो किल्लीसकट पलीकडच्या टेकडीवर बहिणीच्या घरी पोचला होता. शेवटी एका वेल्डरबाईने हातोड्याच्या चार घावांत कुलूप उडवलं.

आराखड्यात चारशे बारा माणसं होती. आली सुमारे दोन हजार, कारण संदेशातला 'सखल भाग' आपलाच, असं कितीतरी जणांना वाटलं होतं. टेकडीच्या उतारावर राहणारेही धापा टाकत शिखराकडे आले होते. पाण्याचा नळ एकच होता. कोणी कागदपत्रांची पिशवी आणली होती, कोणी शिलाई मशीन, कोणी कोंबड्यांची खुराडी. एक गृहस्थ भिंतीवरचं घड्याळ छातीशी धरून उभे होते. ते का आणलं, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नव्हतं.

ताईंनी मैदानात बाकावर चढून खरं काय ते सांगितलं. मग जो आवाज उठला, त्यात सुटकेचे निश्वास होते, हसू होतं आणि बऱ्याच शिव्या होत्या. साहेबांची गाडी तोवर चढावरच्या गर्दीत अडकली होती.

ताईंनी बाकावरून उतरून वही काढली. आलाच आहात तर मोजून तरी घेऊ, म्हणून गल्लीवार माणसं लिहू लागल्या. आराखड्यातल्या चारशे बारा नावांशी सगळं जुळत आलं, आणि आपल्याच गल्लीपाशी त्यांचं पेन अडलं. अकरा माणसं नव्हती. सगळी सत्तरीच्या पुढची. त्यात त्यांच्या सासूबाईही होत्या.

आता मात्र ताई खऱ्याच घाबरल्या. सासूबाईंकडे मोबाइल नव्हता. टेकडीच्या एकशे चौदा पायऱ्या त्या कशा चढणार, हा प्रश्न ना आराखड्याला पडला होता, ना सुनेला. ताई तशाच उलट पावली खाली उतरल्या. घराला कडी होती. शेजारच्या छापखान्याच्या माडीवरून मात्र बोलण्याचा आवाज येत होता.

वर अकराच्या अकरा जण चटईवर बसले होते. छापखानेवाला त्यांना चहा देत होता. पिण्याच्या पाण्याच्या दोन कळश्या, औषधांचे डबे आणि एक दोरखंड भिंतीशी रांगेत लावलेले.

"आलीस? बस," सासूबाई म्हणाल्या. "पाणी कुठवर आलंय?"

"आई, पाणी नाहीये. सराव होता. तुम्ही शाळेत का नाही आलात?"

"तुमच्या नकाशात टेकडी आहे गं, पण आमचे गुडघे कुठायत? मागच्या पुरानंतर आम्हीच ठरवलंय. ज्याला आधी कळेल त्याने थाळी वाजवायची. पहिल्या मजल्यावर कोण कोणाला आणणार, ते लिहून ठेवलंय."

"मला कधी बोलला नाहीत ते!"

"तू विचारलंस कधी? घरी आलीस की तुझ्या त्या एकशे चाळीस पानांत डोकं."

ताई चटईच्या कडेला बसल्या. त्यांना रडू येत होतं की हसू, ते नक्की कळेना. छापखानेवाल्याने त्यांच्याही हातात चहा दिला.

सोमवारी साहेबांची नोटीस आली. 'जनतेत घबराट पसरवल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.' एका ओळीत साहेबांचं नाव घालून ताई मोकळ्या झाल्या असत्या. मसुद्यावर साहेबांच्याच हातची दुरुस्ती होती. ताईंनी ती जोडलीही, पण शेवटचं पान म्हणून. त्याआधी बावीस पानं लिहिली. किल्ली तीन घरांत हवी. नळ सहा हवेत. कोंबड्या येणारच, त्यांना जागा ठेवा. ज्यांना चढवत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक गल्लीत एक पक्की माडी ठरवा आणि ती कोणती, हे त्यांनाच विचारा. हे काम फक्त मोबाइलवर सोडू नका.

साहेबांनी खुलासा वाचायला घेतला आणि शेवटचं पान बोटाने वेगळं केलं. "हे पान फाइलला लावायलाच हवं का?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं. पण उरलेली बावीस लागू करायला हवीत," ताई म्हणाल्या.

अशा रीतीने एका कारकुनाचा खुलासा गावाचा पूर आराखडा म्हणून मंजूर झाला.

सात आठवड्यांनी, एका दुपारी, वरच्या धरणावरून फोन आला. या वेळी खरं होतं. ताईंनी संदेश लिहिला, अक्षरं मोजली, पाठवला. मग पोचपावत्या पाहत बसल्या. ज्यांना गेला नव्हता, त्यांना एकेक करून फोन लावू लागल्या. नगरपालिका बाजारपेठेतच, तीही तळमजल्यावर. बाहेर थाळ्यांचा आवाज घुमला, वाढला, मग हळूहळू थांबला. उंबऱ्यातून पाण्याची एक पातळ जीभ आत आली, तरी ताईंची यादी संपली नव्हती.

तेवढ्यात वेल्डरबाई आणि न्हावी दार ढकलून आत शिरले. एकाने त्यांचा उजवा दंड धरला, दुसरीने डावा.

"अहो, थांबा! अजून चौदा जण राहिलेत!"

"ते केव्हाच वर पोचले," न्हावी म्हणाला. "गल्लीची यादी झाली. एकच नाव राहिलंय."

वेल्डरबाईने खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांच्यापुढे धरला. अक्षर सासूबाईंचं होतं. अकरा नावांपुढे कारणं लिहिली होती: गुडघे, दमा, दिसत नाही, ऐकू येत नाही. बाराव्या ओळीत लिहिलं होतं: 'सूनबाई. काम संपल्याशिवाय उठत नाही. दोन माणसं लागतील.'