रिसबूडबाईंनी हाकललेली मुलगी

आमच्या प्रेशर कुकरची शिट्टी बेसूर आहे, अशी तक्रार घेऊन जगात एकच बाई आमच्या दारात आली. कुंदा रिसबूड. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "काळी दोनपर्यंत येते आणि घसरते हो. मला सकाळी सकाळी त्रास होतो."

"वरणाला होत नाही," मी म्हटलं.

"वरणाला कान नसतात," असं म्हणून त्या जिना उतरून गेल्या.

क्वार्टर त्यांच्या भावाच्या नावावर होतं. भाऊ सरकारी नोकरीत, सदा दौऱ्यावर. बाई पहाडगंजला मराठी शाळेत गाणं शिकवायच्या. नववी-दहावीच्या मुलींना घेऊन दर वर्षी डिसेंबरच्या संमेलनात एक अख्खं संगीत नाटक उभं करायच्या. बाकी दिल्लीतल्या पोरी भांगडा करत होत्या तेव्हा आमच्या पोरी मिशा चिकटवून ताना घेत होत्या.

हार्मोनियमची पट्टी त्या माणसांनाही लावायच्या. बसचा कंडक्टर पांढरी चार, "चांगला आवाज वाया गेला." मी पांढरी दोन, "पण मिस्टरांशी बोलताना काळी तीन." आणि सगळ्या रोगांवर एकच औषध: श्वास. "श्वास कुठे घेतलास?" हा प्रश्न त्या कुणालाही विचारत. खाली भाजीवाला "आलूऽ गोभीऽ मटरऽऽ" ओरडायला लागला की व्हरांड्यातून सांगायच्या, "भैया, मटर से पहले साँस लो." तो बिचारा घ्यायचा. त्याची भाजी खपायचीही लवकर, पण मी हे त्यांना कधी सांगितलं नाही.

कारण आमच्या तन्वीला त्यांनी नाटकात घेतलं, आणि तेव्हापासून माझं त्यांच्याशी पटेना.

सुरुवातीला मीच खूश होते. दिल्लीत राहून राहून पोरीचं मराठी पार हिंदी झालेलं. तालमीत बाईंनी विचारलं, "प्राणनाथ म्हणजे काय गं?" तर ही म्हणाली, "बाई, वो हसबंड टाईप." तेव्हा म्हटलं, चला, चार शब्द तरी शिकेल. ती शब्द शिकली आणि त्याबरोबर 'बाई म्हणतात' हेही शिकली. "बाई म्हणतात, ताठ बस." "बाई म्हणतात, थंड पाणी नको." पंधरा वर्षं मी ताठ बस म्हणत होते, तेव्हा हिचा कणा कुठे गेला होता? माझ्या हातची मेथी ताटाच्या कडेला सारणारी मुलगी खाली जाऊन बाईंकडची मेथी खाऊन यायची. तीही अळणी. मी चाखून पाहिली होती.

मी जळायचे, सरळ सांगते. एकदा भाकरी थापता थापता मीही एक पद गुणगुणून पाहिलं. तन्वी स्वयंपाकघराच्या दारात येऊन प्रेमाने म्हणाली, "आई, तू बोल फक्त. बोलते छान."

नाटकात तिला राजा केलं. मला वाटलं होतं, नायिका करतील. मी खाली जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, "नायिका कुणीही होतं. राजाला दम लागतो. तुमच्या मुलीत तो आहे, कुठून आला देव जाणे." मला हे कौतुक म्हणून घ्यायचं की भांडायचं, ते जिना चढेपर्यंत ठरेना.

संमेलनाच्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून तिसऱ्या रांगेत बसले. तन्वीचा फेटा मी बांधला होता, मिशी मी चिकटवली होती. दुसऱ्या अंकात ती पदाच्या मध्येच अडली. मी खुर्चीच्या कडेवर आले. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. मान विंगेकडे वळवली, जिथे रिसबूडबाई ऑर्गनवर बसल्या होत्या. त्यांनी सूर धरला, नुसता धरून ठेवला, आणि पोरगी त्यावर पाय ठेवून पलीकडे गेली. हॉल "वन्स मोअर" ओरडला. नाटक संपल्यावर राजा विंगेत धावला आणि आधी त्यांच्या पाया पडला. मी टाळ्या वाजवल्या. जरा जोरातच.

दोन दिवसांनी तन्वी रडत घरी आली. बाईंनी तिला गाण्याच्या क्लासमधून काढलं होतं. सगळ्यांसमोर. "तुझा आवाज फुटलाय, उद्यापासून यायचं नाही."

माझ्या मनासारखं झालं होतं. दहावीचं वर्ष, मार्चमध्ये बोर्ड, गणिताचा पत्ता नाही. तरी मी पदर खोचून खाली गेले. माझ्या मुलीचा आवाज फुटलाय म्हणणाऱ्या या कोण?

बाई एकट्याच मटार सोलत बसल्या होत्या.

"काय फुटलंय तिचं?" मी विचारलं.

"काही नाही. असा आवाज मला बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता."

"मग?"

"मी नाही काढलं तर ती येतच राहणार. मग तुम्ही थांबवणार, रोज भांडणं होणार, आणि बोर्डाच्या तोंडावर ती तुमच्यावर रुसून बसणार." त्यांनी एक शेंग फोडली. "दहावीच्या सगळ्याच मुलींना संमेलन झालं की काढते. माझ्यावर चिडून गेल्या की अभ्यासाला बऱ्या बसतात."

"परत येतात का?"

"अकरावीला सायन्स असतं," त्या म्हणाल्या.

मी वळले. दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "घरी गाते का?"

"आंघोळ करताना. ऐकू येत नाही का? तुमच्या मागच्या व्हरांड्याच्या वरच तर आहे न्हाणीघर."

"थंडीत खिडक्या बंद असतात ना," असं म्हणून त्यांनी साली उचलायला घेतल्या.

तन्वीने बाईंचं नाव टाकलं. माझ्याशेजारी बसून गणितं सोडवायला लागली, मेथीही खायला लागली. सगळं मला हवं होतं तसं. फक्त रोज सकाळी आंघोळीच्या आधी मी न्हाणीघरात जाऊन खिडकी सताड उघडून यायचे, आणि दिल्लीच्या जानेवारीत आतून आरडाओरडा व्हायचा, "आई! यार, बर्फ झाले मी! खिडकी कोणी उघडली?"

"वाफ कोंडते," मी सांगायचे. "गा, म्हणजे ऊब येईल."