उघडपणे आणलेली बाटली

जहाजाच्या प्रवासी-पुस्तिकेला चौसष्ट पानं होती, आणि ती सगळीच्या सगळी वाचणारा प्रवासी कंपनीच्या इतिहासात एकच निघाला. हे गृहस्थ निवृत्त मुद्रितशोधक होते. एका अनुस्वारासाठी त्यांनी एकदा चालतं यंत्र थांबवलं, तेव्हापासून छापखान्यात त्यांना अनुस्वारराव म्हणू लागले, आणि पुढे घरीदारी तेच नाव पडलं. पुस्तिकेत त्यांना एकोणतीस चुका सापडल्या. पान एकेचाळीसवर मात्र एकही नव्हती. तिथे नियम सतरा (आ) होता : ‘प्रत्येक प्रौढ प्रवाशास वाइनची एक सीलबंद बाटली, जहाजावर चढतेवेळी, उघडपणे सोबत आणण्याची मुभा राहील.’

“उघडपणे!” ते बायकोला म्हणाले. “किती नेमका शब्द घातलाय बघ.”

बायको इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. अनुस्वाररावांना निरोप देताना छापखान्यातल्या मंडळींनी वाइनची एक बाटली दिली होती. ती चार वर्षं कपाटात रजयांमागे पडून होती. मेट्रनबाईंनी जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता. पण लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला, समुद्रावर, सूर्य मावळताना एक पेला घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. “आयुष्यभर लोकांना घोटघोट औषध पाजलं,” त्या म्हणायच्या, “एक घोट माझा.” त्यांनी एखादी गोष्ट ठरवली की ती होतच असे. इस्पितळाचा अख्खा तिसरा मजला याला साक्षी होता.

सोबत मेट्रनबाईंचा धाकटा भाऊ होता. त्याचं चष्म्याचं दुकान. त्याने पुस्तिका उघडलीसुद्धा नव्हती. ‘वाचले, मान्य आहे’ या चौकोनात खूण करून तो मोकळा झाला होता. त्याच्या गळ्यात एक देखणी दुर्बीण होती. तिच्या डाव्या डोळ्यात व्हिस्की होती आणि उजव्यात रम.

बंदरावरच्या तपासणीत मेहुणा पहिला गेला. तपासनिसाने दुर्बिणीकडे कौतुकाने पाहिलं, “डॉल्फिन दिसतील हं,” असं सांगितलं आणि त्याला पुढे सोडलं. मग अनुस्वारराव आले. त्यांनी दोन्ही हातांनी बाटली उंच धरली होती, एखादं बक्षीस धरावं तशी.

“माझ्याकडे एक बाटली आहे,” ते म्हणाले.

“कुठे आहे?” तपासनीस त्यांच्या खिशांकडे पाहत म्हणाला.

“ही काय!”

तपासनिसाने बाटली पाहिली, तिच्या मागे काही दडलंय का ते पाहिलं, आणि मद्य-नियंत्रण अधिकाऱ्याला हाक मारली. अधिकारी कडक इस्त्रीचा पण मऊ बोलणारा माणूस होता. त्याने एक छापील अहवाल पुढे ओढला.

“काका, ही कुठे सापडली?”

“सापडली नाही. मी दाखवली.”

“म्हणजे लपवलीच नव्हती?” अधिकाऱ्याचा चेहरा पडला. “इथे ‘सापडल्याचे ठिकाण’ असा रकाना आहे. पायमोजा, टॉवेल, शाम्पूची बाटली, बाळाच्या दुधाचा डबा, कृत्रिम पाय. यातलं काय लिहू?”

“हात लिहा.”

“कृत्रिम आहे का?”

अनुस्वाररावांनी पान एकेचाळीस उघडून दिलं. अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं. “कमाल आहे,” तो हळूच म्हणाला. “असा नियम आहे होय आमचा! अकरा वर्षांत इथे कुणी उघडपणे काही आणलेलं नाही. लपवलेल्या बाटलीसाठी माझ्याकडे सगळं आहे बघा. नमुना आहे, पावत्या आहेत, खोकी आहेत, शिकवून तयार केलेली माणसं आहेत. उघड आणलेल्या बाटलीसाठी साधा कागदसुद्धा नाही.”

“मग आता?”

“सोपं आहे. तुम्ही मागे जा, बाटली टॉवेलात गुंडाळा आणि परत या. आम्ही पकडतो. मग मी ‘टॉवेल’वर खूण करतो, आणि बाटली नियमात बसते असा शेरा मारतो. पाच मिनिटांचं काम.”

“म्हणजे नियम पाळायला मी आधी तो मोडू?”

“मोडताय कशाला? जरासा दुमडा.”

अनुस्वारराव तत्त्वाचं काहीतरी बोलणार होते, तोवर मेट्रनबाईंनी टॉवेल काढला होता. पस्तीस वर्षं त्यांनी मोडके हातपाय बांधले होते. बाटली त्यांनी अशी झकास गुंडाळली की आत बाटली आहे हे बाटलीलाही कळलं नसतं. दोघं परत रांगेत लागले. नेमका त्याच वेळी तपासनीस एका आजीबाईंची नखं कापायची कात्री जप्त करण्यात गुंतला होता, आणि अधिकारी चहाला गेला होता. पिशवी यंत्रात शिरली आणि बाहेर आली. कुणीही हूं की चूं केलं नाही. जहाजाचा भोंगा वाजला तेव्हा अनुस्वारराव जहाजावर होते आणि त्यांच्यापाशी लपवून आणलेली दारू होती.

त्यांना नियम एकोणीसही पाठ होता : चढण्याच्या दिवसानंतर लपवलेले मद्य आढळल्यास प्रवाशाला पुढच्या बंदरावर उतरवण्यात येईल. पुढचं बंदर लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी येणार होतं. ते तसेच धावत अधिकाऱ्याच्या कचेरीत गेले.

“पकडली नाही?” अधिकारी वरमला. “अरेरे. मग कागदोपत्री ती जहाजावर नाहीच.”

“माझ्या केबिनमध्ये टेबलावर आहे!”

“असेल हो. मी कुठे नाही म्हणतोय?”

“मग येऊन झडती घ्या. आजच्या आज.”

“झडती संशयावरून घेतात, काका. जो स्वतः येऊन सांगतो त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे प्रामाणिक माणसाचा अपमान. कंपनीच्या धोरणात बसत नाही.” त्याने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. “कुणाकडून तरी तक्रार आणा. निनावी असली तर फारच छान. नाव असलं की आम्हाला ती खरी आहे का ते बघत बसावं लागतं.”

हे ऐकून मेहुणा खुलला. “भाऊजी, तुमच्याविरुद्ध तक्रार! अहो, पस्तीस वर्षं मी याचीच वाट बघतोय.” त्याने एका बैठकीत लिहून काढलं : ‘केबिन ४११८ मधील गृहस्थ फार सज्जन दिसतात. यावरून काय ते समजावे.’ अनुस्वाररावांनी त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि स्वतःच्या हाताने ती तक्रारपेटीत टाकली.

तासाभरात पाच जणांचं पथक आलं. टेबलावर टॉवेलाचं गाठोडं मधोमध ठेवलेलं होतं. पथकाने गादी उलटली, पडदे झटकले, संडासाच्या टाकीत हात घातला, मेट्रनबाईंच्या चपला हुंगल्या. अनुस्वारराव डोळ्यांनी टेबलाकडे खुणावू लागले.

“काका, मदत करू नका,” अधिकारी पुटपुटला. “अहवालात लिहावं लागेल.”

चाळीस मिनिटांनी दमलेल्या एका शिपायाने घाम पुसायला टॉवेल ओढला आणि बाटली बाहेर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या मोसमात पकडलेली ती पहिलीच बाटली होती. तिचा फोटो काढला, शिपायाचा काढला, शेवटी अनुस्वाररावांनाही मध्ये उभं करून एक काढला. आनंदाच्या भरात त्यांनी अधिकाऱ्याचा हात हातात घेतला. “सुटलो बुवा. आता ती परत द्या.”

“परत? पकडलेला माल शेवटच्या दिवशी मिळतो. नियम तेवीस. तुम्हाला तर पाठ असेल.”

“पण तुम्ही शेरा मारणार होतात!”

“मारलाय की.” अधिकाऱ्याने अभिमानाने वाचून दाखवलं. “‘बाटली नियमात बसते. प्रवासी पूर्णपणे निर्दोष आहे. बाटली जप्त.’”

लग्नाच्या वाढदिवशी संध्याकाळी दोघं ठेवणीतले कपडे घालून डेकवर आले. सूर्य पाण्याला टेकत होता. डेकवर दोन-अडीचशे माणसं होती, प्रत्येकाच्या हातात दुर्बीण होती, आणि समुद्राकडे एकही रोखलेली नव्हती. लोक माना मागे टाकून आभाळातलं काहीतरी मोठ्या श्रद्धेने पाहत होते आणि मग ओठ पुसत होते. मद्य-नियंत्रण अधिकारीही फेरी मारत होता. “हवामान छान आहे,” तो येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणे. त्याच्याही गळ्यात दुर्बीण होती.

“ताई, घे,” मेहुण्याने डावा डोळा पुढे केला. मेट्रनबाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा घेतला.

“अहो, घ्या ना तुम्हीही.”

“ती अजून पकडलेली नाही,” अनुस्वारराव म्हणाले.

मेट्रनबाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या नुसत्याच कठड्याला टेकून राहिल्या. “राहू दे हो. मला काही दारू प्यायची नव्हती. तुमच्या हातून एक पेला घ्यायचा होता, एवढंच.” सूर्य बुडाला तेव्हा अनुस्वारराव लिंबूपाण्याच्या ग्लासातला बर्फ मोजत होते.

शेवटच्या सकाळी तीन प्रतींवर सह्या घेऊन बाटली परत मिळाली. जहाजातून उतरल्यावर जमिनीवरच्या सरकारी तपासणीची रांग होती. टेबलामागे एक बाई बसल्या होत्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होत्या, “जाहीर करण्यासारखं काही?” काही नाही, असं उत्तर आलं की त्या मान न उचलता पिशवीवर खडूने फुली मारत. ‘हो’ म्हणणाऱ्यांसाठी भिंतीशी एक लांबलचक बाक ठेवला होता. त्यावर एकच माणूस बसला होता. पन्नाशीचा, भांग नीट पाडलेला. त्याच्या मांडीवर मधाची एक बरणी होती आणि समोर फॉर्मचा ढीग. “चढतानाच्या वेळी जाहीर केली होती का, असं विचारतायत,” तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. “पण मध मी घेतलाच जहाजावर!” अनुस्वाररावांना पाहून त्याचे डोळे लुकलुकले. आपल्यातला माणूस लांबून ओळखू येतो. तो सरकला आणि त्याने बाकावर शेजारी जागा केली.

“जाहीर करण्यासारखं काही?” बाईंनी विचारलं.

अनुस्वाररावांनी बाकाकडे पाहिलं, मग मेट्रनबाईंकडे पाहिलं. टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता.

“काही नाही,” अनुस्वारराव म्हणाले.

पिशवीवर फुली पडली. मधवाल्याने मान खाली घातली आणि तो पुन्हा फॉर्म भरू लागला.

बाहेर रस्त्याकडेला एक बाक होता आणि त्याच्यासमोर बारीक अक्षरांचा एक भलामोठा फलक होता. अनुस्वारराव आयुष्यात पहिल्यांदा एका छापील मजकुराकडे पाठ करून बसले. त्यांनी बाटलीचं फिरकीचं बूच उघडलं, कागदी पेला भरला आणि बायकोच्या हातात दिला. जहाजाच्या कोठारात उकडून उकडून वाइन पार आंबली होती. “फार सुरेख,” मेट्रनबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेला पुन्हा पुढे केला.

आत रांग सरकत होती. हजारो माणसं, एकाहून एक भली, आणि सगळ्यांचं उत्तर एकच. त्यांच्यात तुमची पिशवी कुठली होती आणि तिच्यात काय होतं, हे आम्ही विचारत नाही. तुम्ही काय सांगाल, ते आम्हाला ठाऊक आहे.